पी ०४२० कोड आणि इंजिनाचा पिवळा दिवा : कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

निरंतर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी गाडी आतापर्यंत १ लाख ४२ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि तो विझलाच नाही. ब्लूटूथचा साधा स्कॅनर जोडून पाहिल्यावर 'पी ०४२०' हा एकच कोड मिळाला. पहिल्या बँकेतील (पहिला सिलिंडर असलेल्या बाजूच्या) कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू शुद्ध करणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ठरवून दिलेल्या पातळीच्या खाली गेली आहे, असा त्याचा अर्थ असल्याचे वाचनात आले. गाडी चालवताना मला काहीही फरक जाणवत नाही. ओढ पूर्वीसारखीच आहे आणि सायलेन्सरमधून दिसण्याजोगा धूरही येत नाही.

अडचण अशी की उत्सर्जन चाचणी साधारण पाच आठवड्यांवर आली आहे आणि दिवा लागलेल्या गाडीला तिथे प्रमाणपत्र मिळणार नाही. एका कार्यशाळेत बोनेट न उघडताच कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणी 'मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलून पाहू' असे सांगण्यात आले. मी स्वतः एकदा कोड पुसून पाहिला, तो नऊ दिवसांनी परत आला. एवढा महागडा भाग अंदाजाने बदलायला माझे मन तयार होत नाही. नक्की काय बिघडले आहे हे कोणत्या क्रमाने शोधावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनाजाणता

निरंतर, तुमची शंका रास्त आहे. मी बरीच वर्षे इंजिनांच्या दुरुस्तीत घालवली आहेत आणि या एका कोडमुळे जितके चांगले भाग विनाकारण काढून टाकलेले पाहिले, तितके दुसऱ्या कोणत्याही कोडमुळे पाहिले नाहीत. हा कोड फक्त निकाल सांगतो, कारण सांगत नाही, हे आधी लक्षात घ्या.

संगणक हा निकाल कसा देतो ते समजले की पुढचे सगळे सोपे होते. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. साध्या प्रकारचा पुढचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत राहतो, कारण इंजिनाचा संगणक मिश्रण मुद्दामच किंचित रिच (पेट्रोल जास्त) आणि किंचित लीन (हवा जास्त) असे आलटून पालटून ठेवतो. चांगला कन्व्हर्टर लीन क्षणांतला जास्तीचा ऑक्सिजन आपल्यात साठवतो आणि रिच क्षणांत तो वापरून टाकतो. त्यामुळे मागच्या सेन्सरपर्यंत पोहोचणारा वायू जवळजवळ एकसारखा असतो आणि त्याचा व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत राहतो. साठवण्याची ही शक्ती कमी झाली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो. ही नक्कल किती प्रमाणात होते आहे एवढेच संगणक मोजतो. बहुतेक गाड्यांत सलग दोन प्रवासचक्रांत ती मर्यादेपेक्षा जास्त आढळली की दिवा लागतो.

म्हणजेच संगणक कन्व्हर्टरच्या आत डोकावत नाही, तो दोन सेन्सरांच्या साक्षीवरून अनुमान काढतो. एक्झॉस्टच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल, मिश्रण बिघडलेले असेल किंवा एखादा सेन्सर मंदावला असेल, तर साक्ष खोटी ठरते. आणि कन्व्हर्टर खरोखरच निकामी झालेला असला, तरी तो कशाने निकामी झाला हा प्रश्न उरतोच.

तुमच्याकडून मला पुढील माहिती हवी आहे. कोडबरोबर साठवलेला 'फ्रीझ फ्रेम' स्कॅनरवर दिसतो का? इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) आणि २,५०० आरपीएमला शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ-घट करतो त्याच्या तात्कालिक व दीर्घकालीन नोंदींचे, आकडे काय येतात? त्याच दोन वेगांवर दोन्ही सेन्सरांचे आलेख कसे दिसतात? दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती कमी होते, कूलंट घालावे लागते का? आणि रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना पहिल्या एक-दोन मिनिटांत कोणता वेगळा आवाज येतो का, हे बोनेट उघडून, कान देऊन ऐका. तोपर्यंत कोड पुन्हा पुसू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसला जातो आणि बिघाड घडला त्या क्षणाची तेवढी एकच नोंद आपल्या हातात असते.

रसायनी

जुनाजाणता यांनी साठवणीचा उल्लेख केला आहे, त्याला थोडी जोड देतो, कारण कन्व्हर्टर कशाने मरतो हे त्यातूनच कळते.

आत सिरॅमिकचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ठोकळा असतो. त्याच्या बारीक नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे ऑक्सिडीकरण करणे आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढून घेणे, अशी परस्परविरुद्ध कामे तो एकाच वेळी करतो. म्हणूनच त्याला थ्री-वे म्हणतात. ऑक्सिजन साठवण्याचे काम मात्र या मौल्यवान धातूंचे नसून त्याच थरातल्या सेरियम ऑक्साइडचे असते. पी ०४२० कोड प्रत्यक्षात या सेरियम ऑक्साइडची परीक्षा घेतो, वायू किती शुद्ध झाला याची नव्हे. कोड असूनही काही गाड्यांच्या धुराचे आकडे उत्तम येतात, ते यामुळेच.

ही दोन्ही कामे एकत्र होण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ राहावे लागते. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास बसू लागले, तेव्हा ते केवळ ऑक्सिडीकरण करणारे होते. थ्री-वे कन्व्हर्टर खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा लॅम्डा सेन्सर (म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर) आला आणि मिश्रणावर क्षणोक्षणी नजर ठेवता येऊ लागली त्यानंतर. सेन्सर आणि कन्व्हर्टर ही जोडी जन्मापासून अशी एकमेकांवर अवलंबून आहे.

आता मरणाची कारणे. पहिले कारण उष्णता. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कन्व्हर्टर काम सुरू करतो आणि ४०० ते ८०० अंशांत तो सुखाने राहतो. पण मिसफायर होऊन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण पेटायचे राहून, न जळलेले पेट्रोल आत जाऊन तिथेच जळू लागले, तर तापमान हजार अंशांच्या पुढे जाते, धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, सेरियमचा थर आक्रसतो आणि शेवटी सिरॅमिकच वितळते. दुसरे कारण विषबाधा. जळणाऱ्या इंजिन ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त, हेड गॅस्केटमधून ज्वलनकक्षात झिरपणाऱ्या कूलंटमधले सिलिकेट, चुकीच्या जागी वापरलेल्या सिलिकॉन सीलंटची वाफ आणि इंधनातले शिसे ही सगळी त्या थरावर लेप चढवतात. गंधकाचा परिणाम काही अंशी उलटवता येतो, बाकीच्यांचा बहुतेक वेळा नाही. तिसरे कारण आघात, म्हणजे खालून दगड लागून किंवा आधाराचे रबर तुटून ठोकळ्याला तडा जाणे. रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत खडखड ऐकू आली, तर पुढच्या तपासण्यांची गरज उरत नाही.

दुसरीखेप

माझी चूक इथे नोंदवून ठेवते, कदाचित कोणाच्या उपयोगी पडेल. तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीला हाच कोड आला. सांगितल्याप्रमाणे कन्व्हर्टर बदलून घेतला, दिवा गेला, चाचणीही पार पडली. आठ महिन्यांनी तोच दिवा आणि तोच कोड. कन्व्हर्टर निकृष्ट होता असे धरून मी भांडायला गेले. तिथे नसले, तरी दुसऱ्या ठिकाणी एका मेकॅनिकने शांतपणे सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी दाखवली. तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल इंजिन तापल्यावर, चढावर आणि जोर पडल्यावरच अधूनमधून ठिणगी चुकवत होती. ते प्रमाण मिसफायरचा स्वतंत्र कोड उमटण्याइतके नव्हते, पण कन्व्हर्टरला भाजून काढायला पुरेसे होते. पहिला कन्व्हर्टर त्याच कॉइलने मारला होता, दुसराही तिनेच मारला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना आग्रहाने सांगावीशी वाटते. दिवा स्थिर लागलेला असेल, तर सवडीने तपासता येते; पण तो लुकलुकू लागला, तर त्या क्षणी कन्व्हर्टरचे नुकसान करणारा मिसफायर चालू आहे असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. तापलेल्या कन्व्हर्टरखाली वाळलेले गवत असेल, तर ते पेटू शकते, म्हणून थांबण्याची जागाही पाहून निवडावी.

निरंतर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेली सर्व माहिती दोन दिवस बसून गोळा केली.

फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन गरम, वेग ताशी ७४ किलोमीटर आणि इंजिनावरचा भार मध्यम अशी नोंद आहे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम आयडलिंगला अधिक १३ टक्के येतो आणि २,५०० आरपीएमला तो अधिक ३ टक्क्यांवर उतरतो. पुढचा सेन्सर नेहमीप्रमाणे वरखाली होतो. मागचा सेन्सर आयडलिंगला पुढच्याची पुष्कळशी नक्कल करतो, २,५०० आरपीएमला मात्र बऱ्यापैकी शांत असतो, मधूनच एखादी खोल घसरण दिसते. ऑइल दहा हजार किलोमीटरमध्ये अर्ध्या लिटरहूनही कमी लागते आणि कूलंटची पातळी गेले वर्षभर तशीच आहे. मिसफायरची मोजणी चारही सिलिंडरांत शून्य आहे.

आवाजाबद्दल विचारले होते. सकाळी सुरू केल्यावर इंजिनाच्या मागच्या बाजूने, फेऱ्यांच्या तालावर बारीक टिकटिक ऐकू येते आणि तीन-चार मिनिटांत ती थांबते. मी तिला आजवर टॅपेटचा आवाज समजत आलो होतो.

जुनाजाणता

तुम्ही दिलेले आकडे बोलके आहेत. आयडलिंगला अधिक १३ याचा अर्थ असा की हवा जास्त आहे अशी संगणकाची समजूत झाली आहे आणि तो ठरलेल्यापेक्षा १३ टक्के जास्त पेट्रोल देतो आहे. साधारणपणे दहा टक्क्यांच्या आतबाहेरचा फरक चालून जातो, त्यापुढे कारण शोधावे लागते. फेरे वाढवल्यावर तो ३ वर आला, म्हणजे इंधन पंप किंवा फिल्टर यांवरचा संशय कमी होतो. पंप कमजोर असता, तर मागणी वाढल्यावर ट्रिमही वाढला असता.

आयडलिंगला जास्त आणि फेरे वाढल्यावर कमी, असे चित्र दोन प्रकारच्या गळत्यांत दिसते. एक म्हणजे इनटेककडची व्हॅक्यूम गळती, जिच्यातून न मोजलेली हवा खरोखरच सिलिंडरमध्ये जाते. दुसरी म्हणजे पुढच्या सेन्सरच्या आधीची एक्झॉस्ट गळती. एक्झॉस्टमधून वायू फक्त बाहेरच पडेल, आत काही येणार नाही, असे पुष्कळांना वाटते. पण तिथला दाब स्पंदनांनी वरखाली होतो आणि दोन स्पंदनांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलिंगला हे अंतर मोठे असते, म्हणून परिणामही मोठा. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणून ओरडतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि ठीक चाललेले इंजिन प्रत्यक्षात रिच होते. हे जास्तीचे पेट्रोल आणि आत आलेली हवा कन्व्हर्टरमध्ये भेटतात. तो विनाकारण तापतो आणि मागच्या सेन्सरचा आलेख विस्कटतो.

नुसत्या ट्रिमवरून या दोन गळत्यांत फरक करता येत नाही. परंतु थंडपणी टिकटिक आणि तापल्यावर शांतता हे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांच्या भागाचे) गॅस्केट फुटल्याचे किंवा मॅनिफोल्डला बारीक तडा गेल्याचे जुने लक्षण आहे. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते, पूर्ण मात्र मिटत नाही. टॅपेटचा आवाज वरच्या झाकणाखालून येतो, हा बाजूने येतो. गाडी पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डभोवतीचे उष्णतारोधक पत्रे काढून पाहा. गळतीच्या जागी काजळीची काळी रेघ उमटलेली असते. दिसली नाही, तर स्मोक मशीनने एक्झॉस्टमध्ये धूर सोडून पाहायला सांगा. इंजिन चालू ठेवून काही करायचे असेल, तर ते उघड्यावरच करा. मॅनिफोल्ड गळत असताना बंद जागेत इंजिन चालवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मागचा सेन्सर बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तो नक्कल करतो आहे, म्हणजे तो जिवंत आहे आणि चपळही आहे. वाईट बातमी आणणाऱ्याला बदलून बातमी बदलत नाही.

वाटचाल

एक प्रश्न आहे. मागचा सेन्सर एका लहान नळीवर बसवून तो मुख्य प्रवाहापासून थोडा दूर ठेवला, तर आलेख शांत होतो आणि दिवा विझतो, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. तसेच टाकीत ओतायचे कन्व्हर्टर क्लीनरही मिळतात. निरंतर यांच्याकडे वेळ कमी आहे, तर या उपायांचा विचार करावा का?

जुनाजाणता

प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ती नळी काहीच दुरुस्त करत नाही, ती फक्त साक्षीदाराला आंधळे करते. उद्या खरोखर मिसफायर होऊन कन्व्हर्टर वितळू लागला, तरी मागचा सेन्सर शांतच राहील आणि वितळलेल्या तुकड्यांनी एक्झॉस्ट तुंबून गाडी ओढेनाशी होईल तेव्हाच तुम्हाला कळेल. अनेक देशांत उत्सर्जन यंत्रणेशी अशी छेडछाड करणे हा गुन्हा आहे. शिवाय जिथे नळी घालून धुराची मोजणी होते, तिथे तिचा काडीचाही उपयोग नाही. माझ्याकडे कोणी मागितली, तरी मी ती कधी बसवली नाही.

क्लीनरविषयी मी थोडा सौम्य आहे. इंजेक्टर अस्वच्छ असतील, तर चांगल्या दर्जाच्या डिटर्जंट ॲडिटिव्हने फवारा सुधारतो आणि मिश्रणही सुधारते. कन्व्हर्टरवरची काजळी मात्र बाटलीपेक्षा उत्तम चालणाऱ्या इंजिनाने मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगात चालवल्यावर जास्त चांगली जळते. फॉस्फरसचा लेप किंवा आक्रसलेला थर यांवर कोणतीही बाटली चालत नाही.

चाचणीकक्ष

मी काही वर्षे उत्सर्जन चाचणीच्या कामात होतो. चाचणीच्या दिवशी गाड्या का नापास होतात हे रोज पाहिले असल्यामुळे त्या बाजूने लिहितो.

चाचणी ठिकाणाप्रमाणे दोन प्रकारची असते. काही ठिकाणी गाडीच्या ओबीडी (स्वयंनिदान) जोडणीतून संगणकाची माहिती वाचतात, काही ठिकाणी सायलेन्सरमध्ये नळी घालून वायू मोजतात, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही करतात. पहिल्या प्रकारात लोक नेहमी एकच चूक करतात. केंद्रावर येण्याआधी तासभर कोड पुसायचा किंवा बॅटरीची तार काढायची आणि विझलेला दिवा दाखवायचा. कोड पुसल्याबरोबर संगणकाच्या स्वयंतपासण्या, ज्यांना रेडीनेस मॉनिटर म्हणतात, त्याही पुसल्या जातात. आम्ही यंत्र जोडले की कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनवाफ नियंत्रण यांच्यासमोर 'अपूर्ण' असे दिसायचे आणि गाडी परत पाठवावी लागायची. नव्या गाड्यांत तर कायमस्वरूपी नोंदवलेला कोडही असतो. तो कोणत्याही स्कॅनरने पुसत नाही. ती तपासणी गाडीने स्वतः यशस्वीपणे पार केली, तरच तो जातो.

दुरुस्तीनंतर मॉनिटर पूर्ण होण्यासाठी गाडी विशिष्ट रीतीने चालवावी लागते. नेमकी पद्धत प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते आणि आपल्या मॉडेलची माहिती मिळवणेच उत्तम. पण ढोबळ रूप सारखेच आहे. टाकी पाव भागाहून जास्त आणि पाऊण भागाहून कमी भरलेली असावी, नाहीतर इंधनवाफेची तपासणी सुरूच होत नाही. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असावी. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे आयडलिंगला ठेवावी, मग शहरी वेगात थोडे चालवून मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० ते ९० च्या आसपास दहा मिनिटे अगदी एकसारखा वेग ठेवावा आणि नंतर ब्रेक न लावता, गिअरमध्येच, वेग हळूहळू उतरू द्यावा. असे तीन-चार दिवस करावे लागते. कन्व्हर्टरची तपासणी बहुधा सर्वांत शेवटी पूर्ण होते, कारण सेन्सरांची तपासणी आधी झाल्याशिवाय संगणक तिला हातच घालत नाही. म्हणून दुरुस्ती चाचणीच्या आदल्या दिवशी करू नये.

नळी घालून होणाऱ्या मोजणीत आधुनिक पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगच्या जोडीला २,५०० आरपीएमच्या आसपास दुसरे मापन होते. त्या वेळी अनेक देशांच्या नियमांत कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या आदर्श प्रमाणाशी तुलना, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असणे अपेक्षित असते. मोनॉक्साइड जास्त असेल, तर मिश्रण रिच समजावे. हायड्रोकार्बन जास्त असेल, तर ठिणगी चुकते आहे किंवा ऑइल जळते आहे. लॅम्डा वर गेलेला असेल, तर पहिला संशय एक्झॉस्टमधल्या भोकावर घ्यावा. सायलेन्सर सडलेल्या कितीतरी चांगल्या गाड्या केवळ एवढ्यासाठी नापास झालेल्या पाहिल्या आहेत. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून थेट रांगेत आणावी आणि रांग मोठी असेल, तर इंजिन बंद करून कन्व्हर्टर थंड होऊ देऊ नये. काठावरच्या गाडीचा निकाल एवढ्यानेही बदलतो.

निरंतर (धागाकर्ता)

गळती सापडली. उष्णतारोधक पत्रा काढल्याबरोबर चौथ्या सिलिंडरच्या पोर्टपाशी बोटभर लांबीची काळी रेघ स्पष्ट दिसली. गॅस्केट त्या कोपऱ्यात जळून गेले होते आणि शेजारचा एक स्टड (मॅनिफोल्ड आवळून धरणारा आट्यांचा दांडा) सैल झालेला होता. खात्रीसाठी स्मोक मशीनही लावले. एक्झॉस्टचा धूर त्याच जागेतून बाहेर आला आणि इनटेक बाजूला कुठेही गळती आढळली नाही.

काम मी एका विश्वासू मेकॅनिककडून, समोर उभे राहून करून घेतले. आदल्या रात्री सर्व स्टडांवर गंजनाशक तेल सोडून ठेवले होते, तरीही एक स्टड काढताना तुटलाच आणि तो ड्रिल करून काढावा लागला. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळ पट्टीने तपासला, तो वाकलेला नव्हता. नवे गॅस्केट, नवे स्टड आणि नट बसवून मधून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. पुढचा सेन्सर वायरसह बाजूला घ्यावाच लागणार होता. त्याच्या आट्यांना सेन्सरसाठी चालणारे अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावले आणि टोकाला ते लागणार नाही याची काळजी घेतली.

त्याच संध्याकाळी कोड पुसला. आज पाचवा दिवस आहे. टिकटिक पूर्ण थांबली आहे. लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला अधिक २ आणि २,५०० आरपीएमला अधिक १ आहे. मागचा सेन्सर आता ०.६५ च्या आसपास राहतो, तरीही आयडलिंगला मधूनच हलका झोका घेतो. दिवा लागलेला नाही, पण कन्व्हर्टरचा मॉनिटर अजून 'अपूर्ण' दाखवतो आहे. चाचणीला अठरा दिवस आहेत.

रसायनी

तो हलका झोका अपेक्षितच आहे. कित्येक महिने जास्तीचे पेट्रोल पचवलेल्या थरावर काजळी असणार आणि काही अंशी तो म्हाताराही झाला असणार. काजळी जळून जाईल, वय मात्र मागे जाणार नाही. आता या दोहोंचे प्रमाण किती हे कळण्यासाठी स्कॅनरमध्ये 'मोड ०६' पाहा. तिथे प्रत्येक तपासणीचा प्रत्यक्ष आकडा आणि त्याची मर्यादा दिसते. दिवा फक्त पास किंवा नापास एवढेच सांगतो, इथे मात्र किती फरकाने ते कळते.

दुसरीखेप

माझा नवीन कन्व्हर्टर मला अखेर घ्यावाच लागला, म्हणून ज्यांच्यावर तशी वेळ येईल त्यांच्यासाठी थोडेसे लिहिते. पहिल्या खेपेला घेतलेला स्वस्त होता. अशा कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू आणि सेरियम दोन्ही कमी असतात. त्यामुळे धूर स्वच्छ येत असूनही संगणकाचे समाधान होत नाही आणि काही महिन्यांत कोड परततो, असा अनुभव अनेकांना येतो. दुसऱ्या खेपेला मी आधी कॉइल आणि चारही प्लग बदलले, महिनाभर मिसफायरची मोजणी शून्य राहते का ते पाहिले आणि मगच मूळ उत्पादकाच्या दर्जाचा, माझ्या इंजिनाच्या क्रमांकाला मान्यता असलेला कन्व्हर्टर बसवला. काही मॉडेलांसाठी उत्पादक या तपासणीच्या मर्यादेत सुधारणा करणारे अद्ययावत सॉफ्टवेअरही देतात, ते आपल्या गाडीसाठी आहे का हे भाग विकत घेण्यापूर्वी अधिकृत केंद्रात विचारून घ्यावे.

निरंतर (धागाकर्ता)

आज चाचणी झाली.

आठव्या दिवशी सकाळी मोकळ्या रस्त्यावरून परत आल्यावर कन्व्हर्टरचा मॉनिटर पूर्ण झाला होता. मोड ०६ मध्ये माझ्या गाडीची कमाल मर्यादा १ दाखवते. त्या दिवशी आकडा ०.८४ होता. त्यानंतर मी मुद्दाम आणखी आठवडाभर रोज थोडे लांबचे अंतर एकसारख्या वेगात चालवले आणि काल तो ०.७६ आला. आज केंद्रात ओबीडी वाचनात सर्व मॉनिटर पूर्ण आणि एकही कोड नाही. २,५०० आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.०६ टक्के आणि लॅम्डा १.००४. प्रमाणपत्र मिळाले.

तुटलेल्या स्टडसकट सगळे काम एका दुपारचे होते. कन्व्हर्टर आहे तोच आहे. तुम्ही सर्वांनी एका अनोळखी माणसाच्या गाडीसाठी इतका वेळ दिलात, हे मी विसरणार नाही.

जुनाजाणता

अभिनंदन, निरंतर. तुम्ही नोंदी नीट ठेवल्यात, म्हणून इतक्या दुरून काही सांगता आले.

एवढेच लक्षात असू द्या की ०.७६ हा पास असलेला आकडा आहे, नव्या कन्व्हर्टरचा नाही. दर दोन-तीन महिन्यांनी, इंजिन पूर्ण गरम असताना, मोड ०६ चा आकडा आणि दोन्ही ट्रिम एका वहीत लिहीत जा. आकडा महिनोन्महिने तिथेच राहिला, तर गाडी सुखाने चालवा. ट्रिम स्थिर असूनही तो हळूहळू चढू लागला, तर ते कन्व्हर्टरचे वय आहे, आणि मग तो बदलताना मनात शंका राहणार नाही. आणि ट्रिम आधी हलला, तर पुन्हा त्या स्टडपासून सुरुवात करा. नवे गॅस्केट बसवल्यानंतर हजारभर किलोमीटरने, इंजिन थंड असताना, एकदा सगळ्या नटांचा टॉर्क तपासून घ्यायचा आहे, ते या महिन्यातच उरका.

निरंतर (धागाकर्ता)

वही आजच केली. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर, ०.७६, अधिक २, अधिक १ असे लिहिले आहे. नटांची तपासणी येत्या रविवारी करतो आणि जून महिन्यातला आकडा याच धाग्यावर नोंदवतो.